किती इंच, आणि कुणाच्या अंगणात?

२६ जानेवारी २०१५ च्या रात्री अकरा वाजता न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे थांबवण्यात आली. शंभरहून अधिक वर्षे चालत आलेली ही रेल्वे निव्वळ बर्फाच्या धास्तीने बंद होण्याची ती पहिलीच वेळ. अंदाज दोन फुटांचा होता, वेळ पडली तर तीन फुटांचाही. सकाळी सेंट्रल पार्कात पट्टी लावून पाहिले, तर ९.८ इंच. शहर भडकले. रेल्वे बंद, शाळा बंद, रस्त्यावर वाहनबंदी, आणि एवढे करून फूटभरही बर्फ नाही! शेजारच्या न्यू जर्सीत माउंट हॉली इथे सरकारी हवामान सेवेचे कार्यालय आहे. त्याचे प्रमुख गॅरी शाटकॉव्स्की यांनी ट्विटरवर लोकांची सरळ माफी मागितली.

आता त्याच वादळाचे दुसरे आकडे बघा. मॅनहॅटनच्या पूर्वेला पन्नासेक मैलांवर, लाँग आयलंडवरच्या आयस्लिपला जवळजवळ २५ इंच. बॉस्टनला दोन फूट. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला ३४.५ इंच, म्हणजे तिथला तोवरचा विक्रम. वादळ सांगितल्या दिवशी आले आणि सांगितले तेवढेच मोठे आले. त्याची पश्चिमेची कड तेवढी अंदाजापेक्षा थोडी पूर्वेला राहिली, आणि त्या थोड्याशा अंतरात न्यूयॉर्कसारखे ऐंशी लाखांचे शहर होते. मग अंदाज चुकला म्हणायचे की बरोबर आला म्हणायचे?

अमेरिकेतली हिमवादळे आणि टोर्नेडो यांच्या स्थानिक अंदाजाचा गेल्या दीडशे वर्षांचा प्रवास पाहताना हा पेच पुन्हा पुन्हा समोर येतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. ‘वादळ येणार का’ या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने बहुतांशी मिळवले आहे. ‘माझ्या अंगणात किती’ याचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही, आणि ते तसे मिळते असे सोंग वठवणे हा आजच्या अंदाजाचा सर्वांत मोठा दोष आहे.

सुरुवात लष्कराने केली. १८७० साली अमेरिकी काँग्रेसने हवामानाच्या नोंदींचे काम सैन्याच्या सिग्नल सर्व्हिसकडे दिले, कारण तारायंत्रे आणि शिस्तीची माणसे दोन्ही तिच्याकडे होती. पश्चिमेची हवा पूर्वेला पोचायच्या आत तार पोचते, हीच तेव्हाची सगळी विद्या. समुद्रावर जोर धरणाऱ्या वादळापुढे ती लटकी पडायची. समुद्रावर तारमास्तर नव्हता. मार्च १८८८ मध्ये अशाच एका वादळाने न्यूयॉर्कपासून न्यू इंग्लंडपर्यंतचा पट्टा गाडून टाकला. चारशेच्या वर माणसे दगावली, आणि आदल्या दिवशीच्या अंदाजात त्याची चाहूलसुद्धा नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत नेब्रास्का-डकोटाच्या माळावर दिवसाउजेडी हिमवादळ आले होते. दोनशेहून अधिक जण गेले, आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले होती. तिथे थंडीच्या लाटेचा इशारा निघाला होता, पण तो माळावरच्या वस्त्यांपर्यंत वेळेत गेला नाही. न सांगता आलेला धोका आणि सांगूनही न पोचलेला धोका, असे अंदाजाचे दोन्ही रोग एकाच हिवाळ्यात दिसून गेले.

याच सिग्नल सर्व्हिसमध्ये जॉन फिन्ली नावाचा जिद्दी माणूस होता. त्याची गोष्ट अंदाज वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १८८४ च्या वसंतात त्याने देशाचे विभाग पाडले आणि रोज ‘टोर्नेडो होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे लिहून ठेवायला सुरुवात केली. एकूण २८०३ अंदाज झाले, आणि त्यांतले ९६.६ टक्के बरोबर निघाले. कुणालाही हेवा वाटावा असा हा निकाल. पण ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने तो उलगडून पाहिला. फिन्लीने शंभर वेळा ‘होईल’ म्हटले होते. त्यांतले अठ्ठावीसच खरे ठरले. शिवाय तेवीस टोर्नेडो त्याच्या हातून निसटले होते. बाकी सगळे यश ‘होणार नाही’ या खात्यातले. म्हणजे कुणी डोळे मिटून रोज ‘होणार नाही’ एवढेच लिहिले असते, तर त्याचा निकाल ९८.२ टक्के लागला असता! टोर्नेडो ही क्वचित घडणारी गोष्ट असल्यामुळे नुसते ‘बरोबर’ मोजण्याला अर्थ उरत नाही. किती पकडले, किती सुटले आणि किती वेळा उगाच हाकाटी केली, असा तिहेरी हिशेब मांडावा लागतो. आजचे हवामानशास्त्र आपले अंदाज तपासते ते याच वादातून निघालेल्या मापांनी. ‘आमचा अंदाज इतके टक्के अचूक’ अशी जाहिरात करणाऱ्या कुठल्याही वाहिनीला किंवा ॲपला गिल्बर्टचा प्रश्न विचारावा: काहीच न करणाऱ्याचे किती टक्के येतात?

फिन्लीचे कौतुक झाले नाही. उलट वरिष्ठांनी ‘टोर्नेडो’ हा शब्दच अंदाजातून काढून टाकला, लोक घाबरतील म्हणून. पुढे १९५० पर्यंत जाहीर अंदाजात तो कटाक्षाने टाळला जाई. कोंडी फोडली ती पुन्हा लष्करानेच. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आला आणि विमानांचा चुराडा करून गेला. तळावरचे दोन हवामान अधिकारी, अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर, कामाला जुंपले गेले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर अगदी तशीच मांडणी दिसली. एकाच जागी आठवड्यात दुसरा टोर्नेडो येण्याची शक्यता नगण्य, हे दोघांनाही माहीत होते. तरी त्यांनी इशारा दिला. विमाने बांधली, आत घेतली, आणि संध्याकाळी टोर्नेडो खरोखर तळावर आला. यात कौशल्य होते, तसे नशीबही दांडगे होते. पण ‘टोर्नेडोचा अंदाज करता येतच नाही’ हे वाक्य त्या दिवसानंतर कुणी ठामपणे म्हणू शकले नाही.

हिवाळी वादळांची पुढची कथा संगणकाची आहे. १९५० मध्ये ज्यूल चार्नी आणि सहकाऱ्यांनी एनिॲक या यंत्रावर पहिले आकडेमोडी अंदाज केले. तिथून अठ्ठावीस वर्षांनी, फेब्रुवारी १९७८ मध्ये, बॉस्टनच्या मोठ्या हिमवादळाचा अंदाज संगणकाने चांगला दिला होता. पण बर्फ सकाळी सांगितलेल्या वेळी सुरू झाला नाही. ‘पुन्हा फसवले’ म्हणत लोक कामावर गेले, आणि उशिराने सुरू झालेल्या बर्फात १२८ क्रमांकाच्या महामार्गावर तीन हजारांवर गाड्या रुतून बसल्या. वर्षभराने वॉशिंग्टनमध्ये उलटे झाले. १८-१९ फेब्रुवारी १९७९ ला संगणकाने वादळाची वाढ ओळखलीच नाही, आणि राजधानीवर १८.७ इंच बर्फ पडला. लुई उचेलिनी आणि पॉल कोसिन यांनी या वादळाचा तपशिलात अभ्यास केला. वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्यांचे झोत आणि किनाऱ्यावरचे तापमानाचे फरक एकत्र आले की वादळ काही तासांत कसे फुगते, हे त्या अभ्यासांतून पुढे आले.

त्याचे फळ मार्च १९९३ मध्ये दिसले. अलाबामापासून मेनपर्यंत पसरलेले ‘शतकातले वादळ’ पाच दिवस आधी सांगितले गेले, आणि काही राज्यांनी बर्फाचा पहिला कण पडण्याआधीच आणीबाणी पुकारली. (फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्र किती आत घुसेल याची कल्पना मात्र तोकडी पडली, आणि तिथे माणसे बुडाली. मोठे यशही सगळीकडे सारखे नसते.) मग जानेवारी २००० आले. नव्या महासंगणकाचा गाजावाजा नुकताच झाला होता, आणि आठवड्याच्या आतच, २४-२५ तारखेला, पूर्व किनाऱ्याला न सांगता बर्फ आला. उत्तर कॅरोलिनातल्या रॅलेला २०.३ इंच!

इतके पुढे गेलेले शास्त्र अशी दगाबाजी का करते? पहिले कारण एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ सालीच सांगून ठेवले होते: सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूक वाढत वाढत अंदाज गिळते. म्हणून १९९२ च्या डिसेंबरपासून अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन्ही केंद्रांनी एकाच अंदाजावर विसंबणे सोडले. जन्मवेळ मिनिटभर मागेपुढे करून एकच पत्रिका पन्नास वेळा मांडावी, तसे ते सुरुवातीचे आकडे किंचित बदलून मॉडेल तीस ते पन्नास वेळा चालवतात. बहुतेक पत्रिकांत सारखाच योग निघाला, तर भरवसा जास्त. प्रत्येकीत वेगळा निघाला, तर अंदाजकर्त्याने तोंड सांभाळून बोलावे. सगळा प्रश्न इथे आहे. या सगळ्या उत्तरांतली विविधता लोकांपर्यंत पोचतच नाही. पोचतो तो एक आकडा.

दुसरे कारण बर्फ या पदार्थातच आहे. मॉडेल पाणी सांगते. त्याचा बर्फ किती हे गुणून काढायचे असते. ढोबळ हिशेब एकास दहा, म्हणजे एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ. पण ओला, चिकट बर्फ एकास सहा-सातवरच बसतो आणि कोरडा, भुसभुशीत बर्फ एकास वीसपर्यंत फुलतो. ढगात ज्या थरात तापमान उणे १२ ते उणे १८ अंश सेल्सिअस असते, तिथे फांद्याफांद्यांच्या सुबक चांदण्या तयार होतात. हवेचा जोरकस उपसा नेमका त्याच थरात सापडला, तर जमिनीवर ढीग लागतो. उपसा थोडा खाली-वर झाला, तर पाणी तेवढेच पण बर्फ निम्मा. त्यात भर पट्ट्यांची. मोठ्या वादळाच्या पोटात काही मैल रुंदीचे जोरदार पट्टे असतात. पट्ट्याखाली तासाला दोन-तीन इंच, शेजारच्या गावात भुरभुर. मुंबईकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही.

तिसरे कारण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे खास आहे. एका बाजूला अ‍ॅपलाचियन डोंगर. त्यांच्या पायथ्याशी उत्तरेची जड थंड हवा तुंबून राहते. दुसऱ्या बाजूला गल्फ स्ट्रीमचे कोमट पाणी. दोहोंच्या मधून ईशान्येचे वारे घेऊन वादळ किनाऱ्याने वर सरकते; तिकडे त्याला नॉरईस्टर म्हणतात. तिथल्या अंदाजकर्त्यांच्या बोलण्यात ‘बेंचमार्क’ हा शब्द सतत येतो. ४० अंश उत्तर आणि ७० अंश पश्चिम असा तो समुद्रातला एक बिंदू. वादळाचा केंद्रबिंदू त्याच्या आसपासून गेला, तर न्यूयॉर्क आणि बॉस्टन दोन्हींना भरपूर बर्फ. किनाऱ्याजवळून गेला, तर समुद्राची ऊब आत येऊन शहरात पाऊस. दुरून गेला, तर काहीच नाही.

बर्फ आणि पाऊस यांच्यामधली ही सीमारेषा पुष्कळदा आय-९५ या महामार्गाला चिकटून असते, आणि त्याच रस्त्यालगत एडिसन आहे. न्यू जर्सीतली मराठी माणसांची मोठी वस्ती याच परिसरात. वायव्येला वीस मैलांवर फूटभर बर्फ, आग्नेयेला तेवढ्याच अंतरावर नुसती रिपरिप, आणि मधल्या पट्ट्यात बर्फ, स्लीट आणि गोठता पाऊस यांची खिचडी. जमिनीपासून हजार-दीड हजार मीटर उंचीवर एखाद-दोन अंशांनी उबदार असलेला पातळ थर घुसला, की खेळ बदलतो. हिमकण वर वितळतो आणि खाली येताना पुन्हा गोठून टणक दाणा (स्लीट) होतो, नाहीतर जमिनीला टेकल्यावर गोठून काच होतो. ही काच दोन फूट बर्फापेक्षा वाईट. झाडे आणि विजेच्या तारा तिच्या वजनाने मोडतात. त्यात कारभाराची गंमत अशी, की एडिसनचा अंदाज माउंट हॉलीचे कार्यालय देते आणि नेवार्कचा अंदाज लाँग आयलंडवरच्या अप्टनचे. दोन कार्यालयांचे नकाशे शिवणीवर जुळावेत म्हणून त्यांना वादळाआधी एकमेकांशी बोलावे लागते. पुण्याहून ‘टीव्हीवर केवढा बर्फ दाखवताहेत, तुम्ही ठीक ना?’ असा फोन येतो, तेव्हा एडिसनच्या खिडकीबाहेर बहुधा पाऊसच पडत असतो.

सरोवरांकाठचा बर्फ त्याहून स्थानिक. एरी सरोवराच्या लांबीच्या दिशेने कडक थंड वारा सुटला, की कोमट पाण्यावरून बाष्प उचलून तो बफेलोवर एकच अरुंद पट्टा रोखून धरतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेच्या उपनगरांत पाच-पाच फूट बर्फ साचला, तेव्हा त्याच शहराच्या उत्तर टोकाला काही इंच होते. पांढऱ्या भिंतीसारखा तो पट्टा उत्तरेतून उघड्या डोळ्यांनी दिसत होता. जुन्या मॉडेलांच्या जाळीत असा पट्टा मावतच नसे. २०१४ पासून दर तासाला चालणारे तीन किलोमीटर जाळीचे अमेरिकी मॉडेल आले आणि पट्टा पडेल हे तरी दिसू लागले. तो कुठल्या गल्लीवर स्थिरावेल हे अजून शेवटच्या काही तासांतच कळते.

एवढे करून पडलेला बर्फ मोजायचा कसा, इथेही भांडण आहेच. बर्फ आपल्याच वजनाने बसतो, म्हणून पांढऱ्या फळीवर ठराविक वेळाने मोजून फळी साफ करायची, अशी रीत. जानेवारी २०१६ च्या वादळात वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर ती फळीच बर्फाखाली हरवली. तिथे १७.८ इंच नोंदले गेले, आणि तिथून पंचवीसेक मैलांवरच्या डलेस विमानतळावर २९.३. त्याच वादळात सेंट्रल पार्कचा आकडा आधी २६.८ जाहीर झाला, म्हणजे विक्रमाला ०.१ इंच कमी. तीन महिन्यांनी चौकशी होऊन तो २७.५ केला गेला आणि विक्रम झाला. ज्या आकड्यावरून अंदाजाला पास-नापास करायचे, तोच असा सरकतो.

आता माणसांकडे वळू, कारण अलीकडची मोठी अपयशे शास्त्राची कमी आणि माणसांची जास्त आहेत. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात अडीच इंच बर्फ पडला. बॉस्टनवाला त्याला बर्फ म्हणणार नाही. हवामान सेवेने पहाटे पावणेचारच्या सुमारास इशारा दिला होता, तरी शाळा-कचेऱ्या उघडल्या. दुपारी बर्फ सुरू होताच सगळ्यांना एकदम घरी सोडले, आणि अख्खे शहर एकाच वेळी निसरड्या रस्त्यावर उतरले. मुले शाळांत झोपली, लोकांनी गाड्यांत रात्र काढली. गव्हर्नरांनी आधी अंदाजाकडे बोट दाखवले आणि नंतर माफी मागितली. २०२२ च्या नाताळात बफेलोत तर अंदाजाला नावे ठेवायला जागाच नव्हती. कित्येक दिवस आधीपासून ‘पिढीतून एकदा येणारे वादळ’ अशा शब्दांत इशारे दिले जात होते. वाहनबंदी लागू झाली ती वादळाच्या दिवशी सकाळी साडेनऊला, लोक कामाला निघून गेल्यावर. एरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसे मेली. कुणी गाडीत, कुणी रस्त्यावर, कुणी वीज गेलेल्या घरात. ज्याला रोजंदारी बुडवणे परवडत नाही, तो नुसत्या इशाऱ्याने घरी बसत नाही. त्याला वेळेवर काढलेला हुकूम लागतो.

मला सर्वांत जास्त विचारात पाडते ती १४ मार्च २०१७ ची गोष्ट. न्यूयॉर्कला दीड ते दोन फूट बर्फाचा इशारा होता. आदल्या संध्याकाळपर्यंत नवी मॉडेले सांगू लागली की ऊब आत येतेय, स्लीट मिसळणार, शहराला आकडा कमी येणार. हवामान सेवेतल्या मंडळींनी चर्चा केली आणि जाहीर अंदाज तसाच ठेवायचे ठरवले. आकडा अचानक उतरवला तर लोक गोंधळतील, सैल पडतील आणि धोका टळला असे समजतील, असा विचार त्यामागे होता. दुसऱ्या दिवशी सेंट्रल पार्कात ७.६ इंच. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला.

त्यांची बाजू पोकळ नव्हती. काचेवरच्या वायपरसारखा अंदाज दर सहा तासांनी इकडून तिकडे गेला, तर लोक तो ऐकायचे सोडतात, हा त्यांचा अनुभव. शिवाय आत, बिंगहॅम्टनकडे, तीस इंचांहून अधिक पडला. वादळ म्हणून ते खोटे नव्हतेच. तरीही हा निर्णय मला २०१५ च्या चुकीपेक्षा वाईट वाटतो. २०१५ मध्ये त्यांना जे खरे वाटत होते तेच त्यांनी सांगितले. त्यातला विनोद असा, की २०१२ च्या सँडी वादळाचे वळण आठवडाभर आधी दाखवून ज्या युरोपीय मॉडेलने वाहवा मिळवली होती, त्याच्याच मागे जाऊन ते फसले. अमेरिकी मॉडेल कमी बर्फ दाखवत होते. २०१७ मध्ये मात्र खरे काय ते कळले होते आणि लोकांना ते पेलणार नाही असे ठरवून रोखून धरले गेले. फिन्लीच्या काळी ‘टोर्नेडो’ शब्द पुसणाऱ्या वरिष्ठांचा हाच युक्तिवाद होता.

यावर उपाय आहे आणि तो वापरातही येऊ लागला आहे. काही वर्षांपासून हवामान सेवेची कार्यालये बर्फाचे तीन आकडे देतात: बहुधा किती, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. ‘बहुधा १४, पण ४ ते २४’ असे वाचल्यावर साध्या माणसालाही कळते की इथे पैज लावण्यात अर्थ नाही. वाहिन्यांना आणि फोनवरच्या ॲपना हे तीन आकडे अडचणीचे वाटतात. चौकटीत एकच मावतो. सात दिवसांनंतरच्या मंगळवारी ८ इंच, असे छापणारे ॲप कुठल्या तरी एका मॉडेलची ताजी फेरी जशीच्या तशी ओतत असते. ती दुपारी बदलते तेव्हा सकाळचा आकडा गुपचूप नाहीसा होतो, आणि माफी मागायला तिथे कुणी शाटकॉव्स्की नसतो.

टोर्नेडोच्या बाबतीत वेळ दिवसांची नसून मिनिटांची असते. १९९० च्या दशकात डॉप्लर रडारांचे जाळे देशभर बसले आणि वादळाच्या पोटातले फिरते वारे दिसू लागले. २०११ ते २०१३ मध्ये त्यांत सुधारणा झाली. त्यामुळे थेंब, गार, हिमकण आणि हवेत उडालेला घरांचा चुरा वेगळा ओळखता येतो. २००७ पासून इशारा अख्ख्या काउंटीला न देता नकाशावर बहुभुज आखून नेमक्या भागाला दिला जातो. सरासरी सवड मात्र दहा मिनिटांच्या आसपासच राहिली आहे आणि दर दहा इशाऱ्यांतले सातेक फुकट जातात. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वाकलेली. शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून किलोमीटरहून वर असतो. खाली काय चालले आहे हे तिथे अनुमानानेच ठरते.

२२ मे २०११ ला मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये इशारा वेळेत निघाला, भोंगे वाजले, तरी १५८ माणसे गेली. नंतरच्या चौकशीत आढळले, की पुष्कळांनी पहिल्या भोंग्याला दाद दिली नाही. खरेच आहे का, हे त्यांनी टीव्हीवर, खिडकीतून, शेजाऱ्याला विचारून पाहिले. नेहमीच वाजणाऱ्या भोंग्याचे हे फळ. त्यानंतर इशाऱ्यांची भाषा बदलली. ‘टोर्नेडोची शक्यता’ एवढ्यावर न थांबता काय होईल हे लिहिले जाऊ लागले: घरे जमीनदोस्त होतील, उघड्यावर असाल तर वाचणार नाही. अतिशयोक्तीचा धोका इथेही आहे. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोचा २.६ मैल रुंद टोर्नेडो येत असताना भेदरलेले लोक गाड्या घेऊन पळाले आणि महामार्गांवर अडकले. गाडीत बसून दक्षिणेला निघा, असा सल्ला तेव्हा पडद्यावरूनही दिला गेला होता. टोर्नेडो त्या गर्दीवर आला नाही, हे नशीब.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेले हा सगळ्यात ताजा अध्याय. २०२३ मध्ये पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय केंद्राने स्वतःचे असे मॉडेल रोजच्या कामात घेतले. महासंगणकाला तास लागतात तो अंदाज ती काही मिनिटांत देतात, आणि वादळाची वाट सांगण्यात पुष्कळदा जुन्यांना मागे टाकतात. पण बहुतेकांची जाळी पंचवीसेक किलोमीटरची. तीत एडिसनची सीमारेषाही मावत नाही आणि बफेलोचा पट्टाही. दुसरे, ती शिकली आहेत ती गेल्या काही दशकांच्या मोजमापांवरून, आणि रोजचा अंदाज सुरू करायला त्यांना आजचे मोजमाप लागतेच. ते येते उपग्रहांकडून, विमानांतून, आणि दिवसातून दोनदा सोडल्या जाणाऱ्या फुग्यांकडून. हवेतला तो उबदार पातळ थर नेमका मोजण्यात फुग्याची बरोबरी उपग्रह अजून करू शकत नाही. २०२५ च्या वसंतात मनुष्यबळ अपुरे म्हणून ओमाहा आणि रॅपिड सिटी इथली फुग्यांची उड्डाणे थांबवत असल्याचे हवामान सेवेने जाहीर केले. दोन्ही जागा वादळांच्या वाटेवरच्या आहेत. अब्जावधी डॉलरचे उपग्रह आणि महासंगणक बाळगायचे आणि फुगा सोडायला माणूस ठेवायचा नाही, याला काटकसर म्हणत नाहीत.

देशभरच्या १२२ स्थानिक कार्यालयांनी चोवीस तास जागे राहायचे, हे अमेरिकी व्यवस्थेचे खरे बळ आहे. कुठला पूल आधी गोठतो, कुठल्या डोंगराआड थंड हवा साचते, हे त्यांतल्या माणसांना वर्षानुवर्षे तिथे बसून कळलेले असते. ती ओस पडली तर नुसती मॉडेले ती उणीव भरून काढणार नाहीत.

न्यू जर्सी, ओहायो, मिशिगन किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सुचवतो. ‘कोकोराझ’ नावाची स्वयंसेवकांची एक संघटना १९९८ मध्ये कोलोरॅडोत सुरू झाली. फोर्ट कॉलिन्सच्या पुरात गावातल्या गावात पाऊस किती वेगवेगळा पडला होता, हे आदल्या वर्षी लोकांनी पाहिले होते. आज अमेरिका-कॅनडाभर तिचे सभासद आहेत. चार इंच व्यासाचे पर्जन्यमापक, एक पट्टी, एक पांढरी फळी, आणि रोज सकाळी सातच्या सुमारास पाच मिनिटे, एवढेच भांडवल लागते. तुमच्या अंगणातला आकडा थेट स्थानिक हवामान कार्यालयापुढे जातो, आणि पुढच्या वादळाचा अंदाज तपासायला वापरला जातो. नाव नोंदवा. मुलांनाही बरोबर घ्या.